दुसरी यादी

मी हुशार होते. हे माझं मत नव्हे, आमच्या इमारतीतल्या बारा बिऱ्हाडांचं होतं, आणि बारा बिऱ्हाडांनी एखादी गोष्ट दहा वर्षं सतत म्हटली की ती खरी आहे का हे तपासायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही. शाळेत एकदा वाचलेलं माझ्या लक्षात राहायचं, पहिला नंबर कधी चुकला नाही, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगायची, "आमच्या सुमीला अभ्यास करावाच लागत नाही." हे वाक्य ऐकताना मी मान खाली घालून लाजल्यासारखं करायचे आणि मनातून फुगायचे. पुढे माझं जे काही नुकसान झालं ते या एका वाक्यानं केलं असं मला आता वाटतं. आईला मात्र मी हे कधी बोलले नाही. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारख्या गोष्टी मुळातच थोड्या होत्या.

डोंबिवलीच्या पूर्वेला, स्टेशनपासून पायी वीस मिनिटांवर आमची दोन मजली इमारत होती. लांबलचक गॅलरी, तिच्यात ओळीनं दारं, आणि दारं दिवसभर उघडी. पहाटे कुणाच्या तरी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज व्हायचा, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. नळ आला की बादल्यांची झुंबड. त्या गोंधळात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा, कारण आमच्या मजल्यावर ज्वारीची भाकरी फक्त आमच्याकडे व्हायची. आम्ही कराडकडचे. शेजारच्या पेंडसेकाकूंकडे मऊ भात आणि मेतकूट, पलीकडे राणेमामांकडे माशाच्या आमटीचा वास, आणि आमच्याकडे भाकरी, शेंगदाण्याची चटणी, थंडीत हुलग्याचं माडगं. काकू माडग्याची वाटी नाक मुरडत घ्यायच्या आणि धुऊन परत देताना हळूच विचारायच्या, "अजून थोडं उरलंय का गं?"

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. कोलशेतच्या एका कारखान्यात ते फिटर होते. सातवीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. बोलणं कमी, आवाज खालचा, हाताची नखं कायम काळी. मी काय शिकते हे त्यांना नीट माहीत नव्हतं, पण मी शिकते हे मात्र कोलशेतच्या त्या कारखान्यात गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत होतं. इमारतीतून सायन्स कॉलेजला जाणारी मी पहिली मुलगी.

कॉलेज कल्याणला, सकाळचं. मी मराठी शाळेतून आलेली. तिथे पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं, वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि मी पेन हातात धरून बसले. पदार्थविज्ञान, रसायन कसंबसं जमायचं, कारण तिथे निदान बघायला काही असायचं. गणितात बघायला काहीच नव्हतं. एप्सिलॉन आणि डेल्टा नावाची दोन अक्षरं होती, ती एकमेकांच्या मागे लागलेली असायची आणि का लागलेली आहेत ते मला शेवटपर्यंत कळायचं नाही. शेजारच्या मुलीला विचारावं? मी कधी कुणाला काही विचारलंच नव्हतं. ज्या मुलीला अभ्यास करावा लागत नाही, तिनं विचारायचं कसं? मी शहाण्यासारखी मान हलवत राहिले. वर्षभर मान हलवली. आणि परीक्षेत गणिताच्या पेपरला नाव, नंबर आणि तारीख सुंदर अक्षरात लिहिली, वहीतलं जेवढं लक्षात होतं तेवढं उतरवलं, आणि उरलेला वेळ खिडकीबाहेरचा गुलमोहर बघितला.

माझी नात ईरा माजिवड्याला राहते, यंदा कॉलेजात गेली. परवा ती मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसली. विद्यार्थ्यांच्या स्वभावाचा आणि यशाचा काय संबंध, असला काहीतरी प्रोजेक्ट तिला दिला आहे. प्रश्नावली होती, एक ते पाच आकडे द्यायचे. "आजी, तू कॉलेजला असतानाची तू आठव हां. 'मी हाती घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही.' किती देऊ? पाच ना?" मी म्हटलं, "एक." तर ती वैतागली. "यार आजी, असं नाही चालत, खरं सांग ना!" मी खरंच सांगत होते. दुसरा प्रश्न होता, अडचण आली तर मी मदत मागते का. तिथे शून्य देता येत नव्हतं म्हणून पुन्हा एक दिला. ईरानं ती सगळी प्रश्नावली खोडून टाकली आणि तिच्या आईची भरायला घेतली. त्या दिवसापासून हे प्रकरण लिहायचं डोक्यात आहे.

तर निकालाचा दिवस. कॉलेजात बोर्डावर नंबर लागायचे आणि ज्यानं त्यानं जाऊन बघायचे. मी सकाळपासून पोट धरून पडून राहिले. पोटाला काही झालेलं नव्हतं. आईनं ओवा दिला, तो चावून खाल्ला, आणि भिंतीकडे तोंड केलं. अण्णांची त्या दिवशी दुसरी पाळी होती. ते म्हणाले, "तू पड. म्या बघून येतो. नंबर ल्हिऊन दे." मी कागदावर नंबर लिहून दिला. तो चार घड्या करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून बघितला.

दोन तासांनी ते आले ते जिन्यातूनच हाका मारत. आमच्या अण्णांचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. हातात स्टेशनजवळच्या दुकानातला पेढ्यांचा पुडा. "हाय! हाय नंबर!" आई पिठाच्या हातानं बाहेर आली. अण्णा दारातच उभे राहून सांगायला लागले, "दोन कागद लावल्याले. पयल्यात बघितलं, न्हाई. परत बघितलं, न्हाई. मग म्हनलं, येवढी पोरं, एका कागदावर मावतील व्हय? दुसऱ्या कागदावर बघितलं, तर वरनं सातवा! आपलाच!"

पहिला कागद उत्तीर्णांचा असायचा. दुसरा, एखाद्या विषयात गचकलेल्यांचा: वरच्या वर्गात बसा, पण तो विषय पुन्हा द्या, तिसऱ्या वर्षाच्या आत सुटला नाही तर पुढे प्रवेश नाही. कॉलेजातलं शेंबडं पोरही त्याला एटीकेटी म्हणायचं. कागदावर वर इंग्रजीत मथळा होता, पण अण्णांनी मथळा बघितलाच नव्हता. त्यांनी फक्त माझा नंबर बघितला होता.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य. मी तोंड उघडलंही, तर अण्णांनी त्यात पेढा घातला. नंतर ते पुडा घेऊन निघाले, आई मागोमाग, आणि बाराच्या बारा दारांतून "अरे वा!" ऐकू यायला लागलं. राणेमामांनी रेडिओ बंद करून, गॅलरीत येऊन मला हाक मारली, "सुमे, पोट दुकता म्हणून सांगत होतंस ना गो? आता बरा झाला?" सगळे हसले. मी पण हसले. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं, आणि रोज काहीतरी आड यायचं. खरं म्हणजे काही आड येत नव्हतं, मीच येत होते. नापास झालेली मी आणि हुशार असलेली मी, या दोघी एका घरात राहू शकत नव्हत्या, आणि मला दुसरीला हाकलायचं जिवावर आलं होतं. अशात अण्णा एक दिवस कारखान्यातून आले ते खुशीत. कामगारांच्या पास झालेल्या मुलांचा कॅन्टीनमध्ये सत्कार व्हायचा होता, श्रीफळ आणि पेन. अण्णांनी माझं नाव दिलं होतं. "कालेजातली तू एकटीच हाईस. बाकी समदी दहावीची पोरं," ते म्हणाले, आणि आईला माझ्यासाठी ठेवणीतली साडी काढायला सांगितली.

रविवारची दुपार होती. अण्णा गॅलरीत बसून आईच्या विळीला धार लावत होते. कानस विळीच्या पात्यावर एका लयीत सरकायची, पुढे जाताना आवाज, मागे येताना नाही. मी जाऊन शेजारी बसले. कारखान्याच्या त्या कॅन्टीनमध्ये, दोनशे माणसांपुढे, मला नारळ हातात धरून उभं राहावं लागणार होतं. ते मला जमलं नसतं. इतकी मी अजून बिघडले नव्हते.

"अण्णा, दुसरी यादी पास झालेल्यांची नव्हती."

कानस थांबली नाही. चार-पाच हात तशीच चालली. मग त्यांनी ती बाजूला ठेवली, विळी भिंतीला टेकवली.

"म्हंजी नापासांची व्हती?"

"एका विषयात. गणितात. ऑक्टोबरला परत बसता येतं."

"तुला कवा कळलं?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हाच."

आत आईनं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि जी सुरू झाली ती सुरूच. "आणि पेढा खाल्लास? तोंड शिवलं होतं का तुझं? गावभर वाटत फिरलो आम्ही, तू बघत बसलीस?" ती बरोबरच बोलत होती. अण्णांनी उठून हात धुतले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, बटणं लावली आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"पेढं दिल्यात त्या घरी."

मला वाटलं, ते रागाच्या भरात बोलतायत. पण अण्णांना राग आलेला नव्हता, निदान दिसत तरी नव्हता. मी रडायला लागले. म्हटलं, अण्णा, हळूहळू कळेलच की लोकांना, सांगत कशाला फिरायचं? ते म्हणाले, "चूक माजी हाय. म्या न वाचताच वाटलं. ते सांगाया मलाच जाया पायजेल. तू फकस्त उबी ऱ्हा."

आणि आम्ही गेलो. पहिलं दार पेंडसेकाकूंचं. काकू एका सरकारी कचेरीत नोकरीला, काका बदलीमुळे नाशिकला, मूलबाळ नाही, घर काचेसारखं स्वच्छ. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, त्या दिशी पेढं दिलं त्यात माजी चूक झाली. सुमन एका विषयात ऱ्हायली. म्या यादी नीट वाचली न्हाई. आक्टोबरला परत बसनार हाय." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. "बरं," काकू म्हणाल्या. दुसऱ्या दारी तेच वाक्य. तिसऱ्या दारी तेच. एका घरात चहाचा आग्रह झाला, अण्णांनी घेतला नाही. एका घरातल्या बाईंनी "आम्हाला वाटलंच होतं," असं आपल्या सुनेला पुरेसं मोठ्यानं सांगितलं. अण्णांचं वाक्य मात्र जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "माजी चूक झाली."

पाचव्या दारी, राणेमामांच्या, ते पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, मी नापास झाले. अण्णांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी सांगितलं नाही." राणेमामा म्हणाले, "अगो, मॅट्रिकाक मी तीनदा बसलंय. तू सांगलंस तरी. मी घरातून पळालंय." आतून मामी ओरडल्या, "आता तिला ती गोष्ट सांगत बसू नका!" पुढची सात दारं मी स्वतः बोलले. आठव्या-नवव्या दाराला तर मला जाणवलं की माझा आवाज नेहमीसारखा येतोय. बाराव्या घरून परत येताना मला विलक्षण भूक लागली होती. आई अजून बोलत नव्हती, पण तिनं भाकरी वाढली, आणि मी तीन खाल्ल्या.

सोमवारी अण्णांनी कारखान्यात माझं नाव काढून घेतलं. तिथं ते काय बोलले हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

त्याच संध्याकाळी पेंडसेकाकू आमच्याकडे आल्या आणि आईच्या हातात एक किल्ली दिली. "साडेदहा ते सहा आमची खोली रिकामी असते. हिला बसू दे तिथे. टेबल आहे, पंखा आहे. माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही, एवढंच." काकूंचं प्रेम असंच असायचं, त्याला एक अट जोडलेली असायची. कॉलेजातून येऊन, जेवून, बारा-साडेबाराला मी त्या खोलीत बसायला लागले. बसायला लागले म्हणजे नुसती बसले. अभ्यास कसा करतात तेच मला माहीत नव्हतं. वाचलं की लक्षात राहतं, एवढी एकच रीत मला ठाऊक. लक्षात राहिलं नाही तर काय करायचं, ते कुठे शिकवलं होतं? दहा मिनिटांत डोळे जड व्हायचे. काकूंच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोजायचे. चार दिवसांत मी आईला म्हटलं, माझ्याच्यानं हे होणार नाही.

अण्णा जेवत होते. ताटावरून न उठता त्यांनी सांगितलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा इतकं लांब. ते नवीन कामाला लागले तेव्हा उस्तादानं त्यांना लोखंडाचा एक ठोकळा दिला आणि म्हणाला, हा चारी बाजूंनी सरळ कर. वाइसच्या लोखंडी जबड्यात धरायचा आणि कानस मारायची. संध्याकाळी उस्ताद ठोकळ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तो उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत. "पयले आठ दिस नुसता उजेडच दिसायचा. हाताला फोड आलं. उस्ताद रागावला न्हाई, काय बोलला न्हाई, नुसता परत द्यायचा. म्या म्हनलं, घरी जातो. गेलो न्हाई, कारन घर लांब व्हतं." ते हसले. "तू एक गणित घे. तेच. रोज तेच. उजेड दिसायचा बंद झाला का दुसरं घे."

मी एक गणित घेतलं. ते सोडवायला मला नऊ दिवस लागले. नऊ दिवस! पहिल्या नंबरच्या मुलीला! तिसऱ्या दिवशी कळलं की मला त्यातला एक शब्दच कळत नव्हता, आणि त्या शब्दासाठी मी सगळ्या गणिताला दोषी धरून बसले होते. शब्दकोशात बघितलं, तिथे मिळाला तो व्यवहारातला अर्थ, गणितातला नव्हे. म्हणजे आता कुणाला तरी विचारणं भाग होतं.

पहिल्या वर्षाच्या गणिताच्या तासाला मी जाऊन बसायला लागले होते. वर्गातली मुलं माझ्याहून एका वर्षानं लहान, मी शेवटच्या बाकावर, आणि ती मागे वळून बघायची. सर शिकवत होते, पाठ वर्गाकडे, खडू फळ्यावर. मी उभी राहिले. बारा दारांपुढे उभं राहून "मी नापास झाले" म्हणून झाल्यावर तेराव्या ठिकाणी "मला कळलं नाही" म्हणणं हे काही तेवढं अवघड उरलं नव्हतं. "सर, आय डोन्ट अंडरस्टँड." वर्गात खसखस पिकली. सरांना मध्ये बोललेलं आवडायचं नाही. ते वळले. "विच पार्ट?" मी म्हटलं, "ऑल, सर." यावर वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. सरांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, मराठीत, "हे आणखी कुणाकुणाला कळलेलं नाही?" कुणी हलेना. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला, मग दुसऱ्या एकानं, आणि बघता बघता निम्म्याहून जास्त वर्गाचे हात वर गेले. सर खुर्चीवर बसले. म्हणाले, "मग इतके दिवस माना कसल्या हलवता?" त्या दिवशी त्यांनी ते सगळं पहिल्यापासून मराठीत सांगितलं. एप्सिलॉन म्हणजे तू मला दिलेली मर्यादा, डेल्टा म्हणजे ती पाळायला मी किती जवळ यायचं ते. एवढंच होतं ते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं की रागाचं, मला सांगता येणार नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर ईराच्या प्रोजेक्टला छान शोभली असती. पण ऑक्टोबरात मी पुन्हा नापास झाले. पस्तीस हवे होते, एकतीस मिळाले. पेपरात मी एकाच प्रश्नाला धरून बसले, तो पूर्ण केल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून, आणि वेळ संपली. चिकाटी चिकाटी म्हणून आपण जिचे गोडवे गातो, तिलाही अक्कल लागते हे मला तेव्हा कळलं. अण्णांनी विचारलं, "मागल्या बारीला किती व्हतं?" मी म्हटलं, "बावीस." त्यांनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "मग नऊ वाढलं की."

आईला मात्र ते नऊ दिसले नाहीत. खडवलीची मावशी दिवाळीला आली होती, तिनं एक स्थळ आणलं होतं. वीटभट्ट्या, स्वतःचं घर, मुलगा निर्व्यसनी. "शिकून तरी काय करायची हाय? ती गणितं काय चुलीला लागतात?" असं मावशीनं माझ्यासमोरच विचारलं. आईला मी वाईट म्हणत नाही. इमारतीतल्या बायकांची नजर तिला रोज नळावर झेलावी लागत होती. तिनं अण्णांसमोर ठेवलं ते सरळ होतं: एप्रिलची परीक्षा होऊ दे. सुटली तर शिकू दे. नाही सुटली तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, मुलगी घरी बसणार, आणि घरी बसलेल्या मुलीला मावशीचं स्थळ मी दाखवणार. अण्णा "बरं" म्हणाले. मला त्यांचा फार राग आला. त्यांनी माझ्या बाजूनं भांडायला हवं होतं असं मला वाटलं. आज वाटतं, त्यांना मी सुटेन असं खरोखरच वाटत असावं. भांडायचं कारणच त्यांना दिसलं नसेल.

तो हिवाळा, तो उन्हाळा मी काकूंच्या खोलीत काढला. दुसऱ्या वर्षाचे विषय होतेच, वर हा मागचा. दुपारी इमारत झोपलेली असायची. कुठे तरी सांडगे वाळत घातलेले असायचे, त्यावर बसणाऱ्या कावळ्यांना हाकलायला मामी टाळी वाजवायच्या, आणि मी घड्याळ लावून एकेक प्रश्न वीस मिनिटांत सोडवायचे. वीस मिनिटं झाली की पेन खाली, जमो न जमो. मला कंटाळा यायचा, यायचाच. कंटाळा गेला आणि मग मी अभ्यासाला लागले असं काही झालं नाही. कंटाळा आणि मी दोघंही त्या टेबलाशी बसायचो. काकूंनी पुढे पुढे त्यांच्या भांड्यांना हात लावायची परवानगी दिली. चहाचं पातेलं फक्त.

जूनमध्ये निकाल लागले. दुसऱ्या वर्षाचे विषय सुटल्याचं चार दिवस आधी कळलं होतं; राहिला होता तो पहिल्या वर्षाचा गणिताचा कागद, पुन्हा बसलेल्यांचा. या वेळी मी पोट धरून पडले नाही. अण्णांनी रजा काढली आणि आम्ही दोघं कल्याणला गेलो. बोर्डापाशी वीस-पंचवीस मुलं होती. पुन्हा तसेच दोन कागद. मी पहिल्या कागदावर बघितलं. माझा नंबर होता. मधोमध, स्वच्छ टाइप केलेला.

"अण्णा, आहे. पहिल्या यादीत आहे."

अण्णा पुढे झाले. त्यांनी खिशातून चष्मा काढला. माझा नंबर त्यांनी बघितला, त्याच्यावर बोट ठेवलं, आणि बोट तसंच ठेवून शेजारच्या एका मुलाला म्हणाले, "बाळा, वरती काय ल्हिलंय तेवढं वाच बरं." मुलानं वाचलं. "मराटीत सांग." त्यानं सांगितलं, "उत्तीर्ण विद्यार्थी, काका." अण्णांनी मान हलवली. मला वाटलं, आता झालं, आता ते माझ्याकडे वळतील.

ते वळले नाहीत. ते दुसऱ्या कागदाकडे गेले. पहिला नंबर, बोट, दुसरा नंबर, बोट, तिसरा. मी म्हटलं, "अण्णा, तिथे कशाला बघता?" त्यांनी ऐकलं नाही. मुलं आली, बघून गेली, त्यांना धक्के लागले, ते बाजूला सरकले नाहीत. खालपर्यंत एकेक नंबर, ओठ हलवत, त्यांनी सगळी यादी वाचली. शेवटचा नंबर झाल्यावरही बोट थोडा वेळ कोऱ्या कागदावर तसंच राहिलं. मग चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"न्हाईस तू ह्यात," अण्णा म्हणाले.